ऋणकोच्या घरची दिवाळी

आश्विन वद्य द्वादशीस गोवत्सपूजनाने ज्या दीपोत्सवाचा आरंभ होतो, त्याच्या मध्यावर अशी एक रात्र येते की, त्या रात्री देव्हाऱ्यातील मूर्तीइतकाच मान कोऱ्या वहीस मिळतो. व्यापारी नवी चोपडी पाटावर मांडतो, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ रेखितो, हळद-अक्षता वाहतो आणि बलिप्रतिपदेच्या मुहूर्तावर तीत पहिली ओळ घालतो. वहीच्या डाव्या अंगास जमा, उजव्या अंगास नावे. ज्याचे नाव त्या उजव्या अंगास चढलेले आहे, त्याच्या घरी त्या रात्री काय चालते, याचा विचार सणाच्या लेखांतून सहसा होत नाही. आज तो करावा असे आम्हांस वाटते. पिकाचे कर्ज, घराचे कर्ज, मुलाच्या शिक्षणाचे, मुलीच्या लग्नाचे, आजारपणाचे. ज्या घरात हप्ता नाही असे घर आता शोधावे लागते.

त्र्यंबकेश्वराहून हरसूल भागात आमचे कीर्तनानिमित्त बरीच वर्षे जाणे-येणे आहे. मागे एकदा कोजागरीच्या सुमारास तेथे आरती आटोपल्यावर एक शेतकरी दांपत्य मागे थांबले. गृहस्थांनी विचारले, “बुवा, अंगावर कर्ज असताना दिवाळी करावी का? शास्त्र काय सांगते?” प्रश्न वरवर साधा होता, बोलता बोलता त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न बाहेर आला. यंदा खळ्यावर येईल तेवढे सगळे भात विकून देणे एकदम मिटवावे, बारावीतील मुलीचे शिक्षण थांबवून तिला सर्वांबरोबर द्राक्षबागेच्या कामास न्यावे, आणि फिटेपर्यंत घरात सणवार बंद ठेवावा, असा त्यांचा निश्चय झाला होता. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी एवढेच म्हणाल्या, “बुवा, पोरीची परीक्षा फेब्रुवारीत आहे.”

ज्यांस हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. त्र्यंबकच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेकडे उतरत जाणाऱ्या डोंगराळ प्रदेशात हरसूल वसले आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके. पाऊस उदंड, परंतु डोंगरउतारावरून तो धावत निघून जातो, म्हणून बहुतेकांचे पीक एकच. दिवाळीच्या आगेमागे भात खळ्यावर येते आणि वर्षातून एकदा घर भरल्यासारखे दिसते. त्यानंतर माणसे कामासाठी खाली उतरतात. नाशिक रस्त्यावरील गिरणारे येथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो. तेथून दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत छाटणीची, विरळणीची, काढणीची कामे मिळतात. वैशाखाअखेर मंडळी परततात, राब भाजतात, आणि आषाढात आवणीच्या ऐन कष्टाच्या दिवसांत कणगीचा तळ लागतो. श्रावण आणि भाद्रपद हे पंचांगातील सणांचे महिने या भागात पोटाच्या दृष्टीने सर्वांत कठीण.

आता या घराच्या देण्याकडे पाहू. सोसायटीचे पीक कर्ज वर्षातून एकदा फेडावयाचे. बाईंच्या नावे घेतलेल्या गटकर्जाचा हप्ता दर आठवड्याला. किराणा दुकानाची उधारी, तिला तिथी नाही. आणि थोरल्या मुलीच्या लग्नात एका खाजगी माणसाकडून उचललेले १५,००० रुपये, दरमहा शेकडा पाच दराने. म्हणजे महिन्यास ७५० रुपये केवळ व्याज. तीन वर्षांत २७,००० रुपये देऊन झाले होते आणि मुद्दल जागच्या जागी उभे होते. उत्पन्नाचे पंचांग एक आणि हप्त्यांचे पंचांग दुसरे. या दोहोंचा मेळ कोठेच बसत नव्हता. गृहस्थ आळशी नव्हते, उधळे नव्हते. देणे बुडवावे हा विचार त्यांच्या मनास शिवला नव्हता. किंबहुना त्यांच्या प्रामाणिकपणानेच त्यांना त्या टोकाच्या निश्चयापर्यंत आणले होते.

शास्त्राविषयी विचारले म्हणून शास्त्र सांगतो, आणि ते अर्धे न सांगता पुरते सांगतो. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्मास येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पैशाच्या ऋणाचा विचारही स्मृतिकारांनी बारकाईने केला असून व्यवहाराच्या अठरा पदांत मनूने ‘ऋणादान’ हे पहिले घातले आहे. त्याच्या आठव्या अध्यायात वसिष्ठाच्या मताने महिन्यास मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, इतके व्याज सांगितले आहे. पण तेथेच पुढे वर्णपरत्वे शेकडा दोन, तीन, चार आणि पाच अशी उतरंडही आहे. हरसूलच्या त्या घरावर बसलेला शेकडा पाचाचा दर त्या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवरचा आहे, हे लक्षात आले तेव्हा आम्ही काही क्षण निरुत्तर झालो. ज्याच्याजवळ सर्वांत कमी, त्याच्याकडून सर्वांत अधिक. ग्रंथात आहे म्हणून त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

दामदुपटीचा नियमही तेथलाच. पैशावरील व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दंडक पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंस लागू केला, आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही त्याचे तत्त्व आले. मात्र मूळ नियम एकदम घ्यावयाच्या व्याजापुरता आहे. दरमहा व्याज वसूल करीत राहिले की तो सहज चुकविता येतो. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

परंतु आमच्या मते या सर्व विचारातील सर्वांत मोलाचा शब्द याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, तो म्हणजे ‘यथोदय’. जसजसा उदय होईल, म्हणजे जसजशी प्राप्ती होईल, तसतसे ऋणकोकडून हळूहळू देववावे. आजच्या भाषेत यालाच आपण हप्तेबंदी म्हणतो. पण ती धनकोच्या सोयीची नव्हे, ऋणकोच्या प्राप्तीप्रमाणे आखलेली. मनूही असाच सावकाश फेडीचा मार्ग सांगतो. आणि कौटिल्याने तर शेतकरी कामाच्या दिवसांत असताना त्यास ऋणासाठी धरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आवणीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या दारी वसुलीस जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याज्ञवल्क्याच्या त्या वचनाची दुसरी बाजू लपवून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ‘यथोदय’ ही सवलत तेथे निर्धन झालेल्या ब्राह्मणास आहे. हीन मानलेल्या जातीच्या निर्धनाकडून ऋणापोटी काम करवून घ्यावे, असे त्याच श्लोकात सांगितले आहे. हा भेद पोथीत राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. तो या डोंगरांत प्रत्यक्ष जगला गेला. शेजारच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको मालकाच्या घरी राबत राहत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली तलासरी-डहाणूकडील वारली समाज वेठ आणि लग्नगडी या दोन्हींविरुद्ध उठला. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेविली आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी तर रद्द झालीच, पण तिच्या मुळाशी असलेले देणेही रद्द झाले. आम्ही कीर्तनकार मंडळी स्मृतींचे दाखले देतो तेव्हा हा इतिहास गाळून देण्याचा आम्हांस अधिकार नाही. ‘यथोदय’ हा न्याय योग्य आहे असे ज्यास वाटते, त्याने तो हरसूलच्या शेतकऱ्यासही तसाच दिला पाहिजे.

सरकारदरबारी हे शहाणपण एका रूपाने आले होते. पावसाळ्यात उपाशी घर सावकाराकडे जाई आणि उभे पीक आधीच पडत्या भावाने लिहून देई. त्यास ‘पालेमोड’ म्हणत. हे थांबविण्यासाठी १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा कायदा झाला आणि १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळाकडून, ज्याचे मुख्य कार्यालय नाशिकमध्येच आहे, खावटी कर्ज देण्यास सुरुवात झाली. घरातील माणसे मोजून ते देत. रक्कम लहान होती आणि वसुलीचे हाल झाले. पुढे योजना बंदच पडली. २०२० साली महामारीच्या संकटात ती एका वर्षासाठी अनुदानाच्या रूपाने पुन्हा आली. योजनेचे गुणदोष काहीही असोत, तिच्या नावातच एक गोष्ट मान्य केलेली होती. पीक उभे राहण्यासाठी आधी पिकविणाऱ्याने खाल्ले पाहिजे, आणि तो खर्च चैनीचा नव्हे.

मग आमच्या भाविक घरांतून उलटी समजूत का रुजली? याचा थोडा दोष आमच्या आख्यानांकडे जातो. हरिश्चंद्राख्यान रंगते ते केव्हा? राजा दक्षिणेच्या देण्यापायी पत्नी विकतो, पुत्र विकतो, स्वतःस विकून स्मशानात उभा राहतो तेव्हा. श्रोते डोळे पुसतात आणि घरी जाताना मनात बांधून नेतात की, देणे फेडण्यासाठी घर मोडणे हेच सत्त्व. पण मार्कंडेयपुराणातील ती कथा एका राजाच्या कसोटीची आहे. मागणारा विश्वामित्र आहे, आणि शेवटी देव धावून येतात. सोसायटीच्या कर्जासाठी मुलीची शाळा सोडविणाऱ्या गृहस्थाच्या कथेत कोणी धावून येत नाही. तिची परीक्षा बुडते ती बुडतेच.

तुकोबारायांची कथा अधिक जवळची. दुष्काळात व्यवहार बसला, घरात मृत्यू झाले, आणि पुढे त्यांनी लोकांकडील येण्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असे महिपतिबोवांच्या चरित्रपरंपरेत आले आहे. ही कथा सांगताना आम्ही कीर्तनकार बहुधा एक कडी घाईत सोडून देतो. कागद बुडविण्यापूर्वी तुकोबांनी धाकटा बंधू कान्होबा याची निम्मी वाटणी त्यास देऊन टाकली आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद बुडविले. आपल्या विरक्तीची किंमत भावाच्या संसाराने द्यावी, असे त्यांस वाटले नाही. मुलीच्या वर्षावर आणि पत्नीच्या ताटावर स्वतःच्या प्रामाणिकपणाचा निश्चय उभारणाऱ्याने ही वाटणी आठवावी.

त्या रात्री आम्ही हरसूलच्या गृहस्थांना हे सर्व सांगितले नाही. पाटी मागविली आणि हिशेब मांडला. एक क्विंटल भात भरडले तर सुमारे ६७ किलो तांदूळ मिळतो. खळ्यावर निकडीने विकले आणि समजा १८०० रुपये हाती आले. तोच ६७ किलो तांदूळ आषाढात दुकानातून ४० रुपये दराने घेतला तर २६८० रुपये होतात. फरक ८८० रुपयांचा. भरडाईची मजुरी वजा केली तरी आठ महिन्यांत विकलेल्या किमतीच्या निम्म्याजवळ जाणारा हा भुर्दंड आहे, आणि तो उधारीत पडला तर त्यावर पुन्हा व्याज. म्हणजे पोटचे भात विकून फेडलेले कर्ज फिटत नाही. ते सोसायटीच्या वहीतून उठून किराणा दुकानाच्या वहीत जाऊन बसते. जानेवारी २०२३ पासून पात्र शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य महिन्याला विनामूल्य मिळते, त्याचा आधार मोठाच आहे. पण पाच माणसांच्या राबत्या घरास २५ किलोत महिना निघत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी ठरली की, पुढील दिवाळीपर्यंतचे भात आणि नागली कणगीत पडावी, बियाणे वेगळे बांधावे, आणि उरेल तेवढेच विकावे. तेही खळ्यावर न देता सरकारी खरेदी केंद्रावर न्यावे. (२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला आहे.) दुसरी गोष्ट, मुलगी परीक्षेपर्यंत आजीजवळ गावी राहावी. तिसरी, विक्रीचा पहिला पैसा त्या शेकडा पाचाच्या मुद्दलात घालावा, कारण घरास सर्वांत जलद खाणारे देणे तेच. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हेही आम्ही सांगितले. गृहस्थ म्हणाले, “अडचणीत त्यानेच दिले, बुवा.” आम्ही आग्रह धरला नाही. पीक कर्जाची मुदत मात्र चुकवू द्यावयाची नाही, कारण २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास राज्यात व्याजच पडत नाही. मुदत टळली की ही सवलत जाते. राहिला गटाचा आठवड्याचा हप्ता. तो द्राक्षाच्या मजुरीतून द्यावयाचा आणि पावसाळ्यातील हप्त्यांची रक्कम उन्हाळ्यातच बाजूला ठेवावयाची.

या योजनेत कर्ज एका वर्षात फिटत नव्हते. तीन वर्षे लागणार होती. ही तीन वर्षे गृहस्थांना जड वाटली. बाईंना वाटली नाहीत. मुलगी परीक्षेस बसली, उत्तीर्ण झाली, आता नाशिकला शिकते. सावकाराचे मुद्दल निम्म्यावर आले आहे.

शहरातील वाचकांनीही येथे दोन नियम जाणून घ्यावेत, कारण त्यांच्या ओळखीच्या घरांत ते उपयोगी पडतील. वर्षास तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरास दिलेल्या विनातारण सूक्ष्म कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले. घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड घेऊ नये. वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर तगादा लावू नये. निम्मे ही कमाल सीमा आहे, हे मात्र विसरू नये. ज्या घराचे उत्पन्न माघात आहे आणि आषाढात नाही, त्यास सरासरीचे निम्मेसुद्धा झेपणार नाही.

दुसरा नियम फार जुना, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील साठाव्या कलमाचा. न्यायालयाच्या हुकूमनाम्यातही ऋणकोच्या घरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीस अंगावेगळा करता येत नाही असा अलंकार जप्त होत नाही. शेतकऱ्याची अवजारे, आणि उपजीविकेस लागणारी गुरे व बियाणे न्यायालय जप्तीतून वगळते. परक्या राजवटीच्या कायद्याने जे मंगळसूत्र, जो तवा आणि जे बियाणे ऋणकोच्या घरी राहू दिले, ते आपण आपल्या हातांनी बाजारात नेऊन ठेवतो, ही गोष्ट आम्हांस फार खटकते.

आता सणाचा प्रश्न. हरसूलकडे दिवाळीस आरंभ होतो तो वाघबारसेने. आपण वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करतो त्याच दिवशी तेथे वाघदेवाची पूजा होते. गुराखी पोरे घरोघर शिधा मागतात आणि त्याचा नैवेद्य शिजवून वाघदेवास गुरांच्या रक्षणाचे मागणे मागतात. या पूजेस बाजारातून आणावे लागते ते फारच थोडे. पणतीस खुरासणीचे तेल शेतातले असते. असा सण कर्जाच्या घरात बंद करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. बंद करावयाचे ते निराळेच. लग्नातील मंडप आणि वाजंत्री, उत्सवाची ऐपतीबाहेरची वर्गणी, भावकीच्या ईर्षेने घातलेले भंडारे यांसाठी व्याजाने पैसा आणू नये. आणि त्र्यंबकक्षेत्री राहणाऱ्याने हेही बोलून टाकले पाहिजे की, नारायण नागबलीसारख्या विधींसाठी कर्ज काढून येणारे यजमान आम्ही पाहतो, तेव्हा आमचा जीव कासावीस होतो. विष्णुपुराणात और्व ऋषींनी सगरास श्राद्धाचा विचार सांगताना निर्धनासाठी मार्ग ठेविला आहे. काहीच नसेल त्याने गाईस चारा घालावा. तोही न मिळाला तर मोकळ्या रानात बाहू उंच करून, माझ्याजवळ धन नाही, माझ्या भक्तीनेच तृप्त व्हा, असे पितरांना सांगावे. पितरांची इतकी समजूत पुराणकारांनी गृहीत धरली आहे. पुरोहितांनी आणि आम्ही कीर्तनकारांनी बिदागीच्या बाबतीत तेवढी धरावी.

वनपर्वात यक्षाने धर्मराजास, आनंदी कोण, असे विचारले तेव्हा त्याने दिलेल्या उत्तरात उशिरा का होईना स्वतःच्या घरी भाजीपाला शिजविणारा, ऋण नसलेला आणि परगावी भटकावे न लागणारा मनुष्य आला आहे. कीर्तनात आम्ही ‘ऋण नसलेला’ यावर भर देतो. हरसूलचे श्रोते मान डोलवितात ती ‘परगावी’ या शब्दावर. आणि उत्तराचा आरंभ शिजविलेल्या अन्नापासून आहे, तेथे भर द्यावयाचे आमच्याही अलीकडेच मनात येऊ लागले आहे.

यंदा पाडव्यास ज्यांच्या घरी हप्ता आहे, त्यांनी व्यापाऱ्याप्रमाणे एक लहानशी वही पाटावर ठेवावी. पहिल्या पानावर ‘श्री’ काढून प्रथम धान्य लिहावे, आषाढापर्यंत नव्हे तर पुढील आश्विनापर्यंतचे. त्याखाली औषधे, मुलांची फी, बियाणे, भाऊबीजेची ओवाळणी. मग उरलेल्या रकमेसमोर देणी, ज्याचे व्याज अधिक ते वर. आकडा जुळत नसेल तर तो धनकोस आधी सांगावा, हप्ता थकल्यावर नव्हे. पीक बुडाले असेल आणि शासनाने तसे जाहीर केले असेल तर बँकेकडे पीक कर्जाच्या पुनर्गठनाची मागणी करता येते. तुलसीविवाहापर्यंत कचेऱ्या उघडलेल्या असतात आणि गर्दी थोडी असते. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.